मैना गावावर का राहिली?

चालक मंडळींनी या वर्षी मला बोलावणे धाडले, तेव्हा त्यांची अपेक्षा अशी असावी की, मी कामगार कायद्यावर किंवा कंत्राटी पद्धतीवर काहीतरी बोलेन. ज्याने तीस वर्षे गेटसभा घेतल्या, त्याच्याकडून दुसरे काय ऐकावयाचे? परंतु मी त्यांना विनंती केली की, या खेपेस मला एका गाण्याविषयी बोलू द्या. ते गाणे आपणा सर्वांच्या परिचयाचे आहे. शाहीर अण्णा भाऊ साठे यांची ‘माझी मैना गावावर राहिली’ ही छक्कड.

मी संगीताचा जाणकार नव्हे आणि साहित्याचा प्राध्यापक तर नव्हेच नव्हे. माझी शाळा लवकर सुटली. पुढचे जे काही वाचन झाले ते युनियनच्या कचेरीत, रात्री सभा आटोपल्यावर. तेव्हा पंडितांनी माझी चूकभूल पदरात घ्यावी. परंतु ज्या माणसांचे हे गाणे आहे त्या माणसांत माझे सारे आयुष्य गेले आहे, एवढा अधिकार मला आहे असे मी मानतो.

आमचे वडील मुंबईत एका कापडगिरणीत साच्यावर होते. परळला गावकीच्या खोलीत त्यांचे बिऱ्हाड. बिऱ्हाड म्हणजे एक पत्र्याची ट्रंक आणि एक वळकटी. आई, आम्ही भावंडे आणि आजी इकडे, रामवाडीपासून थोड्या अंतरावरच्या आमच्या गावी. वर्षातून दोनदा, गणपतीला आणि शिमग्याला, वडील घरी येत. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा तो मोठा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. काही महिन्यांनी वडील ट्रंक घेऊन घरी आले ते कायमचेच. तेव्हा मी बारा-तेरा वर्षांचा होतो. संध्याकाळी अंगणात बसून ते ही छक्कड गुणगुणत. एके दिवशी आई तांदूळ निवडता निवडता म्हणाली, “त्या मैनंला कुनी इचारलं का, बाय तू का रायलीस म्हनून?” वडील गप्प झाले. नंतर बरेच दिवस त्यांनी ते गाणे म्हटले नाही.

आईचा तो प्रश्न मला पुढे चाळीस वर्षे पुरला. आज त्याचेच उत्तर मी आपल्यापुढे मांडणार आहे. मैना गावावर का राहिली? आणि ज्याने तिला तेथे ठेविले, त्याचे त्या गावाशी नाते तरी काय होते?

प्रथम शाहिराविषयी थोडे सांगतो. अण्णा भाऊंचा जन्म १ ऑगस्ट १९२० चा, वाळवे तालुक्यातील वाटेगावचा. तेव्हा तो तालुका सातारा जिल्ह्यात होता, आज सांगलीत आहे. त्यांचे मूळ नाव तुकाराम. मातंग समाजात जन्म, घर गावकुसाबाहेर, शाळा दीड दिवसाची. मुलगा दहा-अकरा वर्षांचा असताना हे कुटुंब वाटेगावाहून मुंबईस पायी आले. वाटेत मिळेल ते काम करावे, मिळेल ते खावे आणि पुढे चालावे, असा तो प्रवास. मुंबईत त्यांनी हमाली केली, गिरणीत काम केले, पाट्या आणि भित्तिपत्रके वाचून अक्षरओळख वाढविली. १९४४ साली शाहीर अमर शेख आणि शाहीर द. ना. गव्हाणकर यांच्यासह त्यांनी लाल बावटा कलापथक उभे केले. घाटकोपरच्या चिरागनगरात झोपडीत राहून त्यांनी कादंबऱ्या, कथा, लोकनाट्ये, पोवाडे लिहिले. १८ जुलै १९६९ रोजी ते वारले. त्यांचे सोबती अमर शेख हेही त्याच वर्षी गेले. अमर शेखांचा आवाज ज्यांनी मैदानात ऐकला ते सांगत की, त्यांच्या आवाजाला ध्वनिक्षेपकाची गरजच भासत नसे.

ही छक्कड संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातली. आता छक्कड म्हणजे काय? ती लावणीचीच एक जात आहे. चाल उडती, शब्दांची रांग एकामागून एक धावत येणारी, आणि फिरून फिरून ध्रुपदावर येऊन पडणारी. डफ, ढोलकी, तुणतुणे एवढ्यावर ती उभी राहते. विरहाची लावणी आपल्याकडे जुनीच आहे. पेशवाईत रामजोशी, होनाजी बाळा, प्रभाकर, सगनभाऊ यांच्या काळी घरचा पुरुष मोहिमेवर जाई आणि मागे राहिलेली स्त्री लावणीत आपले दुःख सांगे. रचणारा पुरुष, परंतु बोलणारी स्त्री, असा तो रिवाज. अण्णा भाऊंनी तो उलटा केला. येथे गेलेला पुरुषच बोलतो आणि मागे राहिलेली स्त्री एक शब्दही बोलत नाही. ही गोष्ट ध्यानात ठेवावी. तिच्याकडे मी पुन्हा येणार आहे.

गाण्याचे सरळ तीन भाग पडतात. पहिल्या भागात तो आपल्या मैनेचे रूप आणि गुण सांगतो, आणि मग ताटातुटीची पहाट सांगतो. दारिद्र्यामुळे त्याला मुंबईची वाट धरावी लागते. भाकरी बांधून होते, ती त्याला पोहोचवायला गावदरीपर्यंत येते आणि तेथे तिचा चेहरा उतरतो. तिला हसविण्यासाठी तो दागिन्यांची आश्वासने देतो: तोडे, कोल्हापुरी साज, वज्रटीक, पुतळ्यांची माळ, नथ. एवढे सांगूनही ती हसत नाही. दुसऱ्या भागात मुंबई येते. तेथे बेकारांची गर्दी आहे, एकीकडे मोटारी आणि उंची कपडे आहेत, दुसरीकडे उपाशी माणसे आहेत. आणि तिसऱ्या भागात ती मैना पालटून महाराष्ट्र होते. बेळगाव, कारवार, निपाणी, डांग, उंबरगाव ही मराठी मुलखाची अंगे तुटून बाजूला पडली आहेत आणि त्यांचे दुःख मैनेच्या दुःखासारखेच आहे, असे शाहीर म्हणतो. १ नोव्हेंबर १९५६ रोजी महाराष्ट्र आणि गुजरात एकत्र बांधून द्विभाषिक मुंबई राज्य केले गेले होते. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र झाला, परंतु ही नावे बाहेरच राहिली, हे आपणांस ठाऊक आहेच.

आता आईच्या प्रश्नाकडे येतो. शाहीर कारण एका शब्दात सांगतो, ते म्हणजे दारिद्र्य. परंतु दारिद्र्याने गडी मुंबईस गेला हे समजते. बायको मागे का राहिली हे त्यातून समजत नाही. दोघांनी मिळून जावयाला काय हरकत होती? येथे माझ्यासारख्या युनियनवाल्याने थोडा हिशेब मांडून दाखविला पाहिजे.

पहिला हिशेब पगाराचा. गिरणीच्या पगारात एकटा गडी कसाबसा भागवी. नवा माणूस तर प्रथम बदलीवर लागे. रोज सकाळी गिरणीच्या दारात उभे राहावयाचे, जॉबरने हात केला तर काम, नाही तर परत. अशा कमाईवर बायकापोरे आणणार कशी? दुसरा हिशेब जागेचा. परळ, लालबाग, वरळी, डिलाईल रोड येथे एका गाळ्यात दहा-दहा, पंधरा-पंधरा गडी राहत. दिवसपाळीचा माणूस उठला की रातपाळीचा त्याच जागी आडवा व्हावयाचा. ट्रंक भिंतीला, कपडे दोरीवर, जेवण खानावळीत. अशा गाळ्यात मैनेला कोठे ठेवावयाचे? तिसरा हिशेब जमिनीचा. वीस गुंठ्यांची का असेना, जमीन कोणी तरी कसली पाहिजे. नाही तर कूळ म्हणून असलेला हक्कही जावयाचा. आणि चौथा हिशेब म्हाताऱ्यांचा आणि पोरांचा. आजारी पडलेला गडी, बाळंतीण सून, थकलेला बाप या सर्वांना सांभाळणारे मुंबईत कोणी नव्हते. ते काम गावाने केले, आणि गावाने केले म्हणजे मैनेने केले.

एक गोष्ट येथे सांगितली पाहिजे. स्त्रिया गिरणीत मुळीच नव्हत्या असे कोणी समजू नये. १९२०-३० च्या सुमारास मुंबईच्या गिरण्यांतील कामगारांत जवळजवळ पाचवा हिस्सा स्त्रियांचा होता. पुढे ती संख्या घटतच गेली. बायकांना रातपाळीस बंदी झाली, यंत्रे बदलली, बाळंतपणाचा भत्ता देणे मालकांस जड वाटू लागले, आणि ज्या खात्यांत बायका होत्या तीच खाती आधी आवळली गेली. ज्या मैना तरीही मुंबईत आल्या, त्यांतल्या कितीतरी खानावळी चालवू लागल्या. संपाच्या दिवसांत याच बायकांनी उधारीवर कामगारांना जेवू घातले. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढले ते याच बायकांचे.

या चारही हिशेबांची बेरीज केली म्हणजे काय निघते? गिरणीचा मालक कामगाराच्या पोटाचा अर्धाच खर्च देत होता. उरलेला अर्धा गाव देत होते. आपण समजतो की मुंबई गावाला मनीऑर्डर पाठवीत असे. ते खरेच आहे. परंतु गावही मुंबईला मनीऑर्डर पाठवीत होते, तिची पावती मात्र कोणी फाडत नसे. १९८२ साली वडील परत आले तेव्हा आमच्या घरात दोन वर्षे जो भात शिजला, तो आईने लावलेला होता. हा अनुभव घरोघरी आहे. संप इतके महिने तग धरून राहिला, त्याला पुढाऱ्यांच्या भाषणांइतकीच खेड्यापाड्यांतली भाताची कणगीही कारण होती.

दागिन्यांच्या त्या लांबलचक यादीचा अर्थही यातूनच लागतो. पुष्कळांना ती यादी केवळ शोभेची वाटते. परंतु आपल्याकडे दागिना म्हणजे बाईची पेढी. दुष्काळ आला, औषधपाणी निघाले, की प्रथम दागिना सावकाराकडे जातो. ज्याच्या घरातून सर्व मोडून झाले आहे तोच माणूस पहाटेच्या अंधारात सगळ्या दागिन्यांची नावे घेतो. तो नटविण्याची भाषा बोलतो, परंतु मनात कर्ज फेडण्याचा वायदा करीत असतो. आणि मैना हसत नाही, कारण असे वायदे किती टिकतात हे तिला माहीत आहे.

येथपर्यंतचा अर्थ कोणाही चाकरमान्याच्या घरात कळेल. परंतु गाणे पुन्हा पुन्हा ऐकताना माझ्या लक्षात आणखी एक गोष्ट आली. गाण्याच्या नावातच गाव आहे, पण गाण्यात गाव दिसत नाही. मैनेचा चेहरा दिसतो, पहाट दिसते, भाकरीचे गाठोडे दिसते, गावदर दिसते. परंतु चावडी नाही, देऊळ नाही, पाणवठा नाही, पाटलाचा वाडा नाही. ज्याला गावाची एवढी ओढ, तो गावाच्या एकाही जागेचे नाव घेत नाही. तो गावदरीपर्यंतच जातो आणि तेथून वळतो. गावदर म्हणजे गाव जेथे संपते ती शिवार-कडेची जागा. मातंगाचे घर याच बाजूला असते.

मला वाटते, ही शाहिराची विसरभोळेपणाची चूक नव्हे. हा माणूस ज्या समाजात जन्मला त्याला गावाची चावडी, देऊळ, पाणवठा मोकळा नव्हता. त्याच्या समाजातल्या माणसांना इंग्रजांच्या १८७१ च्या गुन्हेगार जमातींच्या कायद्याखाली हजेरी द्यावी लागे. तो कायदा देशभर रद्द व्हावयास १९५२ साल उजाडले. अशा माणसाने गावाची आठवण काढावयाची तर कशाची काढावी? त्याने गावातले एक माणूस निवडले आणि सारी माया त्याच्यावर ओतली. म्हणून ध्रुपदात तो गावासाठी तळमळत नाही. गावावर राहिलेल्या मैनेसाठी तळमळतो. दोन्हींत फरक आहे. तो आपण आजवर ऐकला नाही, कारण आपणांपैकी बहुतेकांना चावडी आणि देऊळ मोकळे होते.

मग गावाविषयी अण्णा भाऊ काही बोललेच नाहीत काय? बोलले, आणि भरपूर बोलले. परंतु गाण्यात नव्हे, कादंबरीत. १९५९ साली प्रसिद्ध झालेली ‘फकिरा’ वाचून पाहावी. ती वाटेगावची कथा आहे. फकिराचा बाप रानोजी आपल्या गावाला जोगणीचा मान मिळावा म्हणून प्राण देतो. ज्या गावाने त्याला कुसाबाहेर ठेविले त्याच गावाच्या मानासाठी! पुढे दुष्काळात माणसे उपाशी मरू लागतात, तेव्हा फकिरा त्यांच्यासाठी धान्य लुटतो. गावातला विष्णुपंत कुलकर्णी त्याच्याशी माणुसकीने वागतो. बापू खोत वैर धरतो. म्हणजे गाव सगळे वाईट असेही शाहीर म्हणत नाही आणि सगळे चांगले असेही म्हणत नाही. गावावर त्याचा हक्क आहे, गावावर त्याचा राग आहे, आणि गावासाठी मरणारा बाप त्याच्या कथेत आहे. ही तिन्ही नाती एका मनात एकाच वेळी नांदतात. ती कादंबरी त्यांनी बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखणीला अर्पण केली. खेडे हे अन्यायाचे घर आहे, तेथून बाहेर पडा, असे बाबासाहेब सांगत आले होते. तेव्हा बाहेर पडण्याचा उपदेश आणि मागे ओढणारी मैना, या दोहोंमध्ये हा शाहीर उभा आहे.

हे दुखणे केवळ आपल्या मुलखाचे आहे असे नव्हे. अमेरिकेत ज्याला ‘कंट्री’ म्हणजे खेडवळ गाणे म्हणतात, त्यातल्या एका मोठ्या गायिकेचे उदाहरण देतो. डॉली पार्टन ही बाई १९४६ साली टेनेसी राज्यातील डोंगराळ भागात एका गरीब शेतकऱ्याच्या घरी जन्मली. घरात बारा भावंडे. तिच्या जन्माच्या वेळी डॉक्टरला पैसे द्यावयाला नव्हते म्हणून बापाने मक्याच्या पिठाचे पोते दिले, असे ती सांगते. १९६४ साली शाळा संपताच ती नॅशव्हिल शहरी गेली आणि नावारूपास आली. १९६८ च्या सुमाराचे तिचे एक गाणे आहे, ‘इन द गुड ओल्ड डेज’. त्याच्या पुढे कंसात ‘दिवस वाईट होते तेव्हाचे’ अशा अर्थाची पुस्ती आहे. त्यात ती गारपिटीने गेलेले पीक, आजारी आई, बापाचे फुटलेले हात सांगते. त्या आठवणी कितीही मोल आले तरी विकणार नाही, आणि कितीही मोल दिले तरी ते दिवस पुन्हा जगावयास जाणार नाही, असा त्या गाण्याचा सारांश आहे. तीच बाई दुसऱ्या गाण्यात आपल्या डोंगरातल्या घराची गोडी गाते. लोक तिचे गोड गाणे जास्त गातात, हे सांगावयास नकोच. आपणही मैनेचे रूप गातो आणि दारिद्र्याची ओळ घाईने ओलांडतो.

परंतु त्या बाईने आपले गाणे स्वतः गायिले. आमची मैना मात्र मुकी राहिली. मघाशी मी म्हटले होते की, या गोष्टीकडे परत येईन. मैना बोललीच नाही काय?

ती बोलली, परंतु मैदानात नव्हे, जात्यावर बोलली. पहाटे दळता दळता बायकांनी ज्या ओव्या रचल्या, त्यांत सासर आणि माहेर या दोन गावांचे गाऱ्हाणे आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटेव्हिन या दोघांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावोगाव हिंडून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांत मुंबईला गेलेला भाऊ आहे, मुलगा आहे, नवरा आहे. पुरुषाचे एक गाव असते, ते त्याने सोडले तरी सातबारावर त्याचे नाव राहते. बाईची गावे दोन, आणि तिचे नाव दोहोंपैकी कोठेच नाही. माहेरची ती पाहुणी, सासरची ती परकी. आपल्याकडे आगरी लग्नांत धवलारीण धवले गाते, तेव्हा हळदीला बसलेल्या मुलीच्या डोळ्यांना पाणी का येते हे येथल्या भगिनींना सांगावे लागणार नाही.

या मुक्या समजल्या गेलेल्या बायकांपैकी एकीचे नाव मात्र आपल्यापर्यंत पोहोचले. खानदेशातल्या बहिणाबाई चौधरी. १८८० साली आसोद्याला जन्म, जळगावला सासर, अक्षरओळख नाही. शेतात, जात्यावर, चुलीपुढे गाणी म्हणावयाची. मुलगा सोपानदेव आणि आप्तांपैकी पितांबर चौधरी यांनी ती उतरून घेतली. १९५१ साली त्या वारल्या आणि १९५२ साली आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक निघाले. आसोदे जळगावपासून हाकेच्या अंतरावर, तरी त्यांच्या गाण्यात ती वाट संपता संपत नाही. त्यांच्या एका गाण्यात एक जोगी विचारतो की, माहेर एवढे गोड, तर बाई तू सासरी कशाला आलीस? बहिणाबाईंचे उत्तर थोडक्यात असे की, आपल्या लेकीला माहेर असावे म्हणून आईला सासरी राहावे लागते.

माझ्या आईच्या प्रश्नाचे उत्तर मला या अडाणी म्हटल्या गेलेल्या बाईपाशी मिळाले. मैना गावावर का राहिली? कोणी तरी राहिल्याशिवाय ते परतावयाचे ठिकाण राहात नाही. गडी शहरात बसून ज्याला ‘माझे गाव’ म्हणतो, ते दर दिवशी कोणी तरी झाडावे लागते, सारवावे लागते, त्याची पेरणी वेळेवर करावी लागते. ज्या वर्षी मैना ते करणे थांबवील त्या वर्षी गाव नकाशावर राहील, पण परतावयाला राहणार नाही. हे काम तिच्या गळ्यात पडले तेव्हा तिला कोणी विचारले नव्हते, हेही खरेच. उत्तर मिळाले म्हणून आईची तक्रार फिटत नाही. एवढेच की, वडिलांनी जे गाणे तळमळीने म्हटले, त्यात आईच्या वाट्याचे कडवे नव्हते, हे मला समजले.

आता हे सारे आज सांगण्याचे कारण सांगतो आणि संपवितो.

मंडळी, आपल्या पेण-रोह्याचे चित्र पालटले आहे. पूर्वी येथली माणसे धरमतरच्या लाँचने, मग एस.टी.ने मुंबईस जात. आता धाटावला औद्योगिक वसाहत आहे, खाडीकाठी मोठे कारखाने आहेत, आणि देशाच्या दुसऱ्या टोकाची माणसे कामासाठी आपल्याकडे येतात. बिहारची, उत्तर प्रदेशाची, ओडिशाची. एका पत्र्याच्या खोलीत ती आठ-आठ, दहा-दहा राहतात आणि पाळीपाळीने झोपतात. मी त्या खोल्यांत गेलो की मला परळची खोली आठवते. फक्त ट्रंकेच्या जागी पिशवी आहे आणि पत्राच्या जागी मोबाईल.

काही वर्षांपूर्वी आमच्या भागातल्या एका कारखान्याच्या गेटवर स्थानिकांना काम मिळावे म्हणून सभा होती. मागणी रास्त होती. ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांच्या पोरांना काम मिळालेच पाहिजे, हे मी आजही म्हणतो. सभेपूर्वी पोरांनी कर्ण्यावर हीच छक्कड लावली होती. तिसरा भाग आला, महाराष्ट्राचे नाव आले, आणि टाळ्या पडल्या. त्यानंतर भाषणांचा रोख मालकावरून सरकला आणि परप्रांतीय कामगारांवर गेला. पलीकडे चहाच्या टपरीजवळ छपऱ्याकडचा एक तरुण कंत्राटी कामगार उभा होता. सभा संपल्यावर त्याने मला हिंदीत विचारले, “साहेब, ते गाणे कशाविषयी होते?” मी त्याला पहिला भाग समजावून सांगितला. पहाट, भाकरी, गावदरीला उभी राहिलेली बायको. तो थोडा वेळ बोलला नाही. मग म्हणाला, “हे तर आमच्या ‘बिदेसिया’सारखे आहे.”

त्याचे म्हणणे अगदी बरोबर होते. छपऱ्याकडेच भिखारी ठाकूर नावाचा जातीने न्हावी असलेला लोकनाट्यकार होऊन गेला. १८८७ साली जन्म, १९७१ साली मृत्यू. कलकत्त्यास कमावावयाला गेलेला नवरा आणि गावी वाट पाहणारी बायको, हीच त्याच्या ‘बिदेसिया’ या नाटकाची कथा. अण्णा भाऊ आणि भिखारी ठाकूर एकमेकांस ओळखत होते असे नव्हे. परंतु दोघांनीही शाळा पाहिली न पाहिली, आणि दोघांनीही एकच ताटातूट सांगितली.

तेव्हा माझे म्हणणे एवढेच आहे. तिसऱ्या भागावर टाळी वाजवावयाचा अधिकार आपणांस जरूर आहे. संयुक्त महाराष्ट्रासाठी माणसांनी छातीवर गोळ्या झेलल्या आणि त्यांत गिरणगावचे कामगार पुढे होते. परंतु ती टाळी पहिला भाग ऐकून वाजवावी. ज्याने पहिला भाग ऐकला त्याला पलीकडच्या टपरीपाशी उभा असलेला माणूस शत्रू वाटणार नाही. त्याचीही एक मैना कोठे तरी गावावर राहिली आहे, त्याच्याही पगाराचा अर्धा भाग ती भरते आहे, आणि म्हणूनच तो आपल्या पोरांपेक्षा कमी पगारात राबू शकतो. भांडण त्या अर्ध्या पगाराशी आहे. दोघांना एकच पूर्ण पगार मागितला तर स्थानिकांचेही काम सुटणार नाही. युनियनच्या कामात मला जो धडा शिकावयास वीस वर्षे लागली तो या गाण्यात पहिल्यापासून होता. मीच तो नीट ऐकला नव्हता.

२०२० सालच्या टाळेबंदीत आपल्याच मुंबई-गोवा रस्त्याने डोक्यावर बोचके घेऊन कोकणाकडे पायी चाललेली माणसे आपण पाहिली. वाटेगावचे एक कुटुंब नव्वद वर्षांपूर्वी असेच पायी मुंबईकडे निघाले होते. हे उलट पावली निघाले होते, एवढाच फरक. त्या दिवसांत रस्त्यालगतच्या गावांतल्या ज्या बायकांनी पिठले-भाकरी करून त्यांना खाऊ घातले, त्यांत माझी ऐंशी वर्षांची आईही होती. भाकरी थापता थापता ती काहीतरी गुणगुणत होती. मी जवळ जाऊन ऐकले. चाल वडिलांच्या त्या छकडीची होती. शब्द मात्र तिचे स्वतःचे होते, आणि मला पाहताच ती थांबली.

ते शब्द तिने मला अजून सांगितलेले नाहीत. मी दर खेपेला विचारतो. आपल्याही घरी अशी कोणी म्हातारी असेल तर आज घरी गेल्यावर तिला विचारून पाहावे, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.